पेशंटच्या फाइलीतले शब्द: रेकॉर्डच्या कामाला नव्याने लागलेल्यांनी कुठून सुरुवात करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे की हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात नुकतीच नोकरी लागलीय, शिक्षण मेडिकलचं नाही, फाइल उघडली की नुसते शॉर्टफॉर्म दिसतात, आणि सिनियरने दोन-तीनशे शब्दांची एबीसीडीप्रमाणे यादी हातात देऊन पाठ करा म्हणून सांगितलंय. तर ती पाठ करायची का, की दुसरा काही मार्ग आहे.

यादी टेबलावर ठेवा, लागेल तेव्हा बघा, पण पाठ करत बसू नका असं मी सांगेन. मी ह्याच कामात आयुष्य काढलंय आणि यादी पाठ करून आलेली मुलं बघितलीत, त्यांना शब्द येतात पण फाइल वाचता येत नाही. कारण फाइलीतलं प्रत्येक वाक्य कोणीतरी कशाच्या तरी आधारावर लिहिलेलं असतं. पेशंटने तोंडाने सांगितलं, डॉक्टरने तपासून बघितलं, मशीनने किंवा लॅबने मोजलं, डॉक्टरने त्यावरून अंदाज बांधला, किंवा काहीतरी ठरवून केलं. बहुतेक सगळं ह्या पाचात बसतं. नवा शब्द दिसला की आधी तो ह्यातल्या कुठल्या खणात जातो ते विचारा, अर्थ निम्मा तिथेच कळतो आणि चुका तर जवळपास सगळ्या तिथेच टळतात.

पहिला खण, पेशंटचं बोलणं. सी/ओ म्हणजे तक्रार, कम्प्लेंट्स ऑफ. चीफ कम्प्लेंट म्हणजे ज्याच्यासाठी माणूस आलाय ती मुख्य तक्रार, आणि ती शक्यतो पेशंटच्याच शब्दांत आणि किती दिवसांपासून ह्यासकट लिहायची असते. 'ताप, ३ दिवस' ही तक्रार झाली. 'न्यूमोनिया, ३ दिवस' ही तक्रार नाही, ते निदान आहे आणि चुकीच्या जागी येऊन बसलंय. पुढे येते एचओपीआय, म्हणजे सध्याच्या आजाराची हकीकत, कधी सुरू झालं, कसं वाढत गेलं, कशाने कमी होतं वगैरे. मग पास्ट हिस्ट्री, फॅमिली हिस्ट्री, पर्सनल हिस्ट्री. एच/ओ म्हणजे हिस्टरी ऑफ, के/सी/ओ म्हणजे नोन केस ऑफ. ह्या दोघांत नवीन लोक हमखास गोंधळतात. एच/ओ घडलेल्या गोष्टीलाही लागतं, एच/ओ फॉल म्हणजे पडल्याची हकीकत आहे, आणि एच/ओ टीबी म्हणजे कधीतरी टीबी होऊन गेला, आत्ता आहे असं नाही. के/सी/ओ डायबेटिस म्हणजे आजार आधीच ठरलेला आहे आणि आजही सोबत आहे. कॉम्प्युटरमध्ये भरताना एच/ओ टीबीला चालू टीबी करून टाकला तर त्या माणसाच्या मागे तो शिक्का वर्षानुवर्षं फिरतो, प्रत्येक नवा डॉक्टर आधी तेच विचारतो.

ह्याच खणात 'नो एच/ओ' पण येतं, म्हणजे विचारलं आणि पेशंट नाही म्हणाला. जागा कोरी असेल तर त्याचा अर्थ विचारलंच नाही असाही होतो. ॲलर्जीच्या रकान्यात हा फरक जिवावरचा असतो. एनकेडीए म्हणजे औषधाची कुठलीही माहीत असलेली ॲलर्जी नाही, हे कोणीतरी विचारून लिहिलंय. कोरा रकाना म्हणजे काहीच माहीत नाही. तुम्ही डेटा भरणारे असाल आणि सॉफ्टवेअर रकाना रिकामा सोडू देत नाही म्हणून तिथे स्वतःच्या मनाने 'नाही' टाकलंत तर तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तेव्हा ते करू नका, वॉर्डला परत पाठवा. आणि गोळी घेतल्यावर मळमळलं हा साइड इफेक्ट असतो, अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं, श्वास अडकला तर ती ॲलर्जीसारखी रिॲक्शन. पेशंट दोन्हीला ॲलर्जीच म्हणतात, म्हणून चांगली नोंद ती, ज्यात औषधाचं नाव आणि नेमकं काय झालं दोन्ही असतं.

दुसरा खण, डॉक्टरने बघितलेलं. ओ/ई म्हणजे तपासणीत, ऑन एक्झामिनेशन. आता सिम्प्टम आणि साइन हे दोन शब्द इथेच उलगडतात, पेशंटला जाणवतं ते सिम्प्टम, दुसऱ्याला दिसतं किंवा मोजता येतं ते साइन. डोकं दुखणं सिम्प्टम, मान कडक होणं साइन. ताप गंमतशीर आहे, 'ताप वाटतोय' सिम्प्टम आणि थर्मामीटरवर १०२ हा साइन. व्हायटल्स म्हणजे टेम्परेचर, नाडी, श्वासाचा वेग, बीपी, हल्ली एसपीओटू म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण पण धरतात. टीपीआर चार्ट हे त्यातल्या पहिल्या तिघांचंच नाव.

जीसीएस दिसेल, ग्लासगो कोमा स्केल, १९७४ साली आलेली मोजपट्टी, शुद्ध किती आहे ते सांगते. डोळे उघडण्याचे जास्तीत जास्त ४, बोलण्याचे ५, हातपाय हलवण्याचे ६, एकूण १५. आणि कमीत कमी ३ असतो, शून्य नाही, कारण प्रत्येक भागाला किमान १ मिळतोच. त्यामुळे कुठे जीसीएस २ किंवा ० दिसला की समजायचं लिहिताना चूक झालीय. असे आकड्यांचे किमान-कमाल माहीत असले की डॉक्टर नसतानाही तुम्ही चूक पकडू शकता, रेकॉर्डवाल्याची खरी किंमत तिथे कळते.

एनएडी म्हणजे नो ॲबनॉर्मलिटी डिटेक्टेड, काही वावगं आढळलं नाही. डब्ल्यूएनएल म्हणजे विदिन नॉर्मल लिमिट्स. ह्या दोघांवर डॉक्टरांमध्येच जुना विनोद आहे की पहिल्याचा अर्थ तपासलंच नाही आणि दुसऱ्याचा अर्थ बघितलंच नाही. विनोद सोडा, पण पाच वेगवेगळ्या अवयवांपुढे एकाच हाताने एकाच फटक्यात एनएडी ओढलेलं असलं की ऑडिट करणारा माणूस तिथे थांबतोच.

तिसरा खण मोजमापाचा, लॅब, एक्स-रे, ईसीजी. इथे शब्द कमी पण गैरसमज फार. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं नव्हे, ज्याचा शोध घेतला ते सापडलं इतकंच. रिपोर्टवर 'अनरिमार्केबल' असेल तर सांगण्यासारखं काही नाही म्हणजे चांगलंच आहे. रेफरन्स रेंज म्हणजे नॉर्मल धरायची मर्यादा, ती प्रत्येक लॅबची थोडी वेगळी असते, म्हणून रिपोर्टचा नुसता आकडा उतरवून घेऊ नका, युनिट आणि रेंज दोन्ही घ्या. सॅम्पल घेतल्याची वेळ आणि रिपोर्ट दिल्याची वेळ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ट्रीटमेंटच्या दृष्टीने महत्त्वाची पहिली, पण फाइलीत बऱ्याचदा दुसरीच छापलेली असते.

आता चौथा खण, अंदाज आणि निदान. इथे जास्त वेळ घालवा, रेकॉर्डमधल्या मोठ्या चुका इथल्याच असतात. प्रोव्हिजनल डायग्नोसिस म्हणजे ॲडमिट करताना जे वाटलं ते, तात्पुरतं. डिफरन्शियल म्हणजे ह्यापैकी काहीतरी असेल अशी शक्यतांची यादी, डीडी लिहितात. आर/ओ म्हणजे रूल आउट, हे नाहीये ना ते तपासा. आर/ओ एमआय लिहिलेलं असतं आणि नवीन मुलगा हार्ट अटॅक म्हणून नोंदवतो, असं मी कितीतरी वेळा परत पाठवलंय. निदानापुढे किंवा मागे प्रश्नचिन्ह असेल तर ते निदानाचाच भाग आहे, गाळायचं नाही. एस/ओ म्हणजे सजेस्टिव्ह ऑफ, त्या दिशेने बोट दाखवतंय, सिद्ध झालं नाहीये. पण ह्याच एस/ओचा पत्त्याच्या रकान्यात अर्थ अमक्याचा मुलगा असा होतो, त्यामुळे शॉर्टफॉर्म नेहमी त्याच्या जागेसकट वाचायचा. मग फायनल डायग्नोसिस, डिस्चार्जच्या वेळी ठरलेलं. प्रोव्हिजनल आणि फायनल जुळलं नाही तर घाबरू नका, ते रेकॉर्ड खोटं नाही, उलट विचार कसा बदलत गेला ते त्यात दिसतं. प्रोव्हिजनल नंतर खोडून फायनलसारखं करून ठेवलं तर मात्र गडबड.

ॲक्यूट आणि क्रॉनिक हे आजार किती वेगाने आला आणि किती काळ टिकला त्याचे शब्द आहेत, किती गंभीर त्याचे नव्हेत. ॲक्यूट सर्दी असू शकते आणि क्रॉनिक किडनीचा आजार जिवावर बेतू शकतो. स्टेबल म्हणजे बदल होत नाहीये, 'बरा आहे' नाही, क्रिटिकल बट स्टेबल हे वाक्य त्यामुळेच शक्य होतं. गार्डेड प्रोग्नोसिस म्हणजे पुढे काय होईल त्याची खात्री देता येत नाही. इडिओपॅथिक म्हणजे कारण सापडलं नाही, सरळ कबुली आहे.

कोमॉर्बिडिटी आणि कॉम्प्लिकेशन ह्यात फरक वेळेचा. आधीपासून असलेला दुसरा आजार कोमॉर्बिडिटी, ह्या आजारामुळे किंवा ट्रीटमेंटमुळे नंतर उभा राहिला तो कॉम्प्लिकेशन. तेच बेडसोअर, म्हणजे पडून राहून झालेली जखम, पेशंट घेऊनच आला असेल तर एक गोष्ट आणि वॉर्डमध्ये झालं असेल तर हॉस्पिटलवर प्रश्न, म्हणून ॲडमिशनच्या दिवशीची त्वचेची नोंद कोणी केली आणि किती वाजता ह्याला एवढं महत्त्व. तुम्हाला वाटेल ही कसली क्षुल्लक नोंद, पण भांडण झालं की सगळे आधी तोच कागद मागतात.

ह्या खणांची कल्पना माझी एकटीची नाही. लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लेख लिहून मांडलं की रेकॉर्ड पेशंटच्या प्रॉब्लेमभोवती रचायला हवं, कुठल्या विभागाने लिहिलं त्याप्रमाणे नव्हे. त्यातूनच एसओएपी म्हणजे सोप नोट रुजली, सब्जेक्टिव्ह म्हणजे पेशंटचं, ऑब्जेक्टिव्ह म्हणजे बघितलेलं आणि मोजलेलं, असेसमेंट म्हणजे डॉक्टरचं मत, प्लॅन म्हणजे पुढे काय करायचं. रोजच्या प्रोग्रेस नोटच्या कडेला एस, ओ, ए, पी अशी अक्षरं दिसली तर हेच ते. अक्षरं नसली तरी चांगल्या डॉक्टरची नोट त्याच क्रमाने चाललेली असते, वाचून बघा.

पाचवा खण, ठरवलं आणि केलं. ऑर्डर म्हणजे डॉक्टरने सांगितलं, ॲडमिनिस्टर्ड म्हणजे सिस्टरने प्रत्यक्ष दिलं, हे दोन वेगळे कागद आहेत, ऑर्डर शीट आणि औषध दिल्याचा चार्ट. ऑर्डर आहे म्हणून औषध दिलं गेलं असं कधीही धरू नका. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसओएस किंवा पीआरएन गरज पडली तर, स्टॅट म्हणजे लगेच आत्ता. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. पीओ तोंडाने, आयव्ही शिरेतून, आयएम स्नायूत, एससी कातडीखाली. एनबीएम किंवा एनपीओ म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही. आयओ चार्ट म्हणजे शरीरात किती गेलं आणि बाहेर किती आलं त्याचा हिशोब. एवढं आलं की ऑर्डर शीट बऱ्यापैकी वाचता येते.

पण हीच अक्षरं जीवही घेऊ शकतात. ओडी डोळ्यांच्या विभागात उजवा डोळा असतो आणि बाकी ठिकाणी रोज एकदा. एमएस मॉर्फिन सल्फेटही आणि मॅग्नेशियम सल्फेटही, दोन्ही भलती वेगळी औषधं. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी नुसतं रोमन यू लिहिलं की ते घाईत शून्यासारखं दिसतं आणि दहाचे शंभर होतात. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नका अशा शॉर्टफॉर्मची छोटी यादीच काढली, त्यात हे यू आहे, एमएस आहे, आणि दशांशाचे दोन नियमही आहेत. पूर्ण आकड्यानंतर पॉइंट शून्य लावायचं नाही, कारण ५.० मधला पॉइंट पुसट झाला की पन्नास, आणि एकापेक्षा लहान आकड्याआधी शून्य लावायचंच, कारण .५ चा पॉइंट दिसला नाही की पाच. तुमच्या हॉस्पिटलची मान्य शॉर्टफॉर्मची यादी असेल तर ती मिळवा, आणि यादीबाहेरचा शॉर्टफॉर्म दिसला तर अर्थ लावत बसू नका, ज्याने लिहिलं त्याला विचारा.

तारखांचंही तसंच, ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल हे लिहिणाऱ्यालाच माहीत. महिना अक्षरात किंवा वर्ष-महिना-दिवस ह्या क्रमाने, आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळात, एवढं पाळलं तरी खूप.

बाळंतपणाच्या फाइली आल्या तर जी, पी, ए, एल अशी अक्षरं आकड्यांसकट दिसतील. जी म्हणजे हे धरून एकूण किती वेळा दिवस गेले, पी म्हणजे किती बाळंतपणं झाली, ए म्हणजे गर्भपात किती, एल म्हणजे हयात मुलं किती. जी३ पी१ ए१ एल१ म्हणजे तिसऱ्यांदा गरोदर, एक बाळंतपण, एक गर्भपात, एक मूल हयात. एलएमपी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, ईडीडी बाळंतपणाची अंदाजे तारीख, साधा हिशोब म्हणजे एलएमपीत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. १० मार्च एलएमपी असेल तर १७ डिसेंबर. आकडे जुळत नसले की फाइल बाजूला काढा.

ऑपरेशनच्या फाइलीत कन्सेंट, प्री-ऑप तपासणी, ॲनेस्थेशिया रेकॉर्ड, ऑपरेशन नोट, स्पंज आणि हत्यारांची मोजदाद, पोस्ट-ऑप ऑर्डर हे सगळं हवं. पीओडी १ म्हणजे ऑपरेशननंतरचा पहिला दिवस, ऑपरेशनचा दिवस शून्य धरतात. कन्सेंटवर नुसती सही असून भागत नाही, कोणी समजावलं, काय समजावलं, कुठल्या बाजूचं ऑपरेशन, तारीख-वेळ, सगळं लागतं. ऑपरेशन सुरू झाल्यानंतरची वेळ कन्सेंटवर असलेली फाइल हातात आली तर ती गुपचूप नीट करायची गोष्ट नाही, वर कळवायची गोष्ट आहे.

आता डॉक्टरी सोडून आपल्या घरचे शब्द. एमआरएन किंवा यूएचआयडी म्हणजे त्या माणसाचा कायमचा नंबर, आयुष्यभर एकच. व्हिजिट किंवा एन्काउंटर नंबर दर भेटीला नवा, आयपी नंबर दर ॲडमिशनला नवा. माणूस एक, भेटी अनेक, हे डोक्यात पक्कं असलं की नंबरांचा गोंधळ होत नाही. ह्या सगळ्यांना जोडणारी मूळ यादी म्हणजे मास्टर पेशंट इंडेक्स. त्यात दोन प्रकारच्या चुका होतात. एकाच माणसाचे दोन नंबर पडले तर डुप्लिकेट, आणि दोन माणसं एकाच नंबराखाली गेली तर ओव्हरले. डुप्लिकेट त्रासदायक, जुने रिपोर्ट सापडत नाहीत, तपासण्या पुन्हा होतात, पण दोन फाइली मर्ज करून सुधारता येतं. ओव्हरले भयंकर, कारण एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर बसतो आणि नंतर कुठली ओळ कोणाची ते वेगळं काढायला फार कष्ट पडतात. म्हणून काउंटरवर नुसतं नाव विचारून फाइल उघडायची नाही, किमान दोन ओळखी जुळवायच्या, नाव आणि जन्मतारीख, किंवा नाव आणि नंबर, आणि 'तुम्ही अमुकच ना' असं विचारायचं नाही कारण लोक मान डोलावतात, 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असं विचारायचं. खोली नंबर किंवा बेड नंबर ही ओळख नाही, पेशंट हलतात.

सेन्सस म्हणजे ठरलेल्या वेळी, बहुतेक ठिकाणी मध्यरात्री, वॉर्डात किती पेशंट आहेत ती मोजणी. लेंग्थ ऑफ स्टे काढताना ॲडमिशनचा दिवस धरायचा, डिस्चार्जचा नाही, आणि आला त्याच दिवशी गेला तर एक दिवस. ऑक्युपन्सी म्हणजे वापरलेले बेड-दिवस भागिले उपलब्ध बेड-दिवस, ५० बेडच्या वॉर्डात ३० दिवसांत १,५०० उपलब्ध, त्यातले १,२०० वापरले तर ८० टक्के. हे शब्द मॅनेजमेंटचे लाडके आहेत.

डिस्चार्जच्या प्रकारांकडे लक्ष द्या कारण तिथे एका शब्दाने जबाबदारी बदलते. डामा किंवा लामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पण सांगून, सही करून गेला. ॲब्स्कॉन्डेड म्हणजे न सांगता गेला. रिक्वेस्टवर डिस्चार्ज म्हणजे मागून घेतला आणि डॉक्टरने दिला. रेफर म्हणजे सल्ला किंवा पुढच्या उपचारासाठी दुसरीकडे पाठवला, ट्रान्सफर म्हणजे पेशंटची जबाबदारीच दुसऱ्या वॉर्डकडे किंवा हॉस्पिटलकडे गेली. सहीचा फॉर्म नाही आणि शिक्का डामाचा, ही फाइल अपुरी.

अपुऱ्या फाइलीला डेफिशियंट म्हणतात. डिस्चार्जनंतर कागद ठरलेल्या क्रमाने लावणं असेंब्ली, काय राहिलंय ते शोधणं डेफिशियन्सी चेक. कागद आहे का, सही आहे का हे बघणं क्वांटिटेटिव्ह, आणि त्यातल्या गोष्टी एकमेकींशी जुळतात का हे बघणं क्वालिटेटिव्ह. डॉक्टर सांगतात डावा पाय, ऑपरेशन नोट म्हणते उजवा, सह्या मात्र सगळ्या जागेवर, अशी फाइल पहिल्या चेकमध्ये पास होते आणि दुसऱ्यात अडकते.

खाडाखोडीचे शब्द वेगळेच. चूक दुरुस्त करायची तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख, वेळ. व्हाइटनर नको, गिरगटणं नको, पान बदलणं तर अजिबातच नको. लेट एन्ट्री म्हणजे उशिरा लिहिलेली नोंद, तिच्यावर लिहिल्याची खरी वेळ आणि घटना घडल्याची वेळ दोन्ही हव्यात. ॲडेंडम म्हणजे आधीची नोंद तशीच ठेवून घातलेली भर. अमेंडमेंट म्हणजे आधीचं चुकलं होतं म्हणून केलेली दुरुस्ती. ईएमआरमध्ये म्हणजे एका संस्थेच्या कॉम्प्युटर रेकॉर्डमध्ये हे सगळं ऑडिट ट्रेलमध्ये उमटतं, कोणी कधी उघडलं, काय बदललं, त्यामुळे शेजारच्याचं लॉगिन वापरून काम उरकलंत तर ते काम कागदोपत्री शेजाऱ्याने केलं. कॉपी-पेस्ट हा कॉम्प्युटरने आणलेला नवा रोग, कालची नोट आज, आजची उद्या, आणि टाके काढून झाल्यावरही चार दिवस 'टाके कोरडे' येत राहतं. ईएचआर हा शब्द संस्थांच्या पलीकडे जाणाऱ्या रेकॉर्डला वापरतात, पीएचआर म्हणजे पेशंटने स्वतःजवळ ठेवलेलं.

कागदी फाइली कपाटात लावायची चांगली पद्धत म्हणजे टर्मिनल डिजिट, नंबर शेवटून वाचायचा. १२-३४-५६ असेल तर आधी ५६ चा विभाग, त्यात ३४, मग १२. उलटं वाटतं, पण त्याने नव्या फाइली शंभर विभागांत सारख्या वाटल्या जातात, सगळी गर्दी शेवटच्या कपाटात होत नाही. फाइल बाहेर गेली की तिच्या जागी ट्रेसर कार्ड, कोणी नेली, कधी नेली. ट्रेसर न ठेवता नेलेली फाइल हरवलेली धरा.

कोडिंग, म्हणजे निदानाला ठरलेला कोड देणं, तुमच्याकडे आज येणार नाही पण शब्द ओळखीचे असू द्या. आयसीडी हे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, दहावी आवृत्ती १९९० ला मंजूर झाली, अकरावी २०१९ ला स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू, पण दहावी अजून भरपूर ठिकाणी चालू आहे. टाइप २ डायबेटिस दहावीत ई११, अकरावीत ५ए११. मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर एस७२.०, आणि ते घसरून पडल्याने झालं तर कारणाचा वेगळा कोड डब्ल्यू०१. म्हणजे 'काय झालं' आणि 'कशामुळे झालं' असे दोन कोड, आणि दुसरा देता यायला हकीकतीत कारण लिहिलेलं असावं लागतं. नुसतं 'फ्रॅक्चर' लिहिलेल्या फाइलीपुढे कोडर हात टेकतो. प्रश्नचिन्हवालं निदान कोड करायचं का ह्याचे नियम जागोजागी आणि ओपीडी-आयपीडीप्रमाणे वेगळे असतात, तुमच्याकडचे विचारून घ्या.

मृत्यूच्या कागदावर मात्र सावकाश जा. पहिल्या भागात वरची ओळ प्रत्यक्ष कारण, तिच्याखाली ते कशामुळे, त्याखाली ते कशामुळे, आणि सगळ्यात खालची ओळ म्हणजे मूळ कारण, ज्यापासून साखळी सुरू झाली. उदाहरणार्थ वर फुप्फुसातली गुठळी, खाली मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर, त्याखाली घसरून पडणं. दुसऱ्या भागात हातभार लावणारे पण साखळीत नसलेले आजार, समजा डायबेटिस. आकडेवारीत मोजलं जातं ते मूळ कारण. 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' एवढंच लिहून आलेला फॉर्म परत पाठवा, हृदय आणि श्वास थांबणं प्रत्येकाच्याच मृत्यूत होतं, ते कारण नाही.

सुरुवात करायची तर सिनियरच्या परवानगीने काही बंद झालेल्या जुन्या फाइली घ्या, एका ठिकाणी बसून वाचा, बाहेर नेऊ नका, फोटो काढू नका. डिस्चार्ज समरी आधी वाचायची नाही, ती उलटी करून ठेवा. ॲडमिशन नोटपासून पुढे या आणि पेन्सिल न लावता वेगळ्या कागदावर लिहीत जा, हे पेशंटने सांगितलं, हे बघितलं, हे मोजलं, हा अंदाज, हे केलं. मग समरी उघडा आणि बघा त्यातलं कुठलं वाक्य आतल्या कुठल्या पानावरून आलंय. ज्या वाक्याला आत पानच सापडत नाही त्याच्यापुढे खूण करा आणि सिनियरला दाखवा.